आपुलकी म्हणजे उपचार नव्हे

मानसोपचार आणि समुपदेशन यांबद्दल सुशिक्षित मराठी घरांत एक मत चांगलेच मुरले आहे. ते दिवाळी अंकातल्या लेखात भेटते, लग्नाच्या पंगतीत भेटते आणि ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानानंतरच्या चर्चेत तर हमखास भेटते. ते मांडणारी माणसे अडाणी नसतात, दुष्ट तर नसतातच. म्हणूनच त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे. आधी ते मत त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडतो. मी प्रतिपक्षाला दुबळा करून उभा केला, असे निवाड्याच्या वेळी वाचकांनी म्हणू नये.

मत असे. पूर्वी घरात दहा माणसे होती. मन मोकळे करायला आजी होती, मावशी होती, शेजार होता, संध्याकाळी देऊळ होते. आज माणूस एकटा पडला, म्हणून पैसे मोजून परक्याशी बोलायची वेळ आली. तो परका तरी करतो काय? ऐकून घेतो, धीर देतो, समजुतीच्या चार गोष्टी सांगतो. हेच काम घरच्या माणसाने अधिक मायेने आणि फुकट केले असते. शिवाय हे सगळे पश्चिमेकडून आलेले. तिथल्या एकाकी समाजाचा तोडगा आपल्याला कशाला? मुलांना समुपदेशकाकडे नेणे हे तर निव्वळ खूळ. हट्ट, भीती, अंथरूण ओले करणे हे सारे वयाबरोबर जाते. आणि शेवटचा प्रश्न: या बोलण्याने कोणी बरे होते, याला पुरावा काय?

या मताला एक बळकट आधार आहे आणि तो त्याचे पुरस्कर्ते सहसा देत नाहीत. तो मीच देतो. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि त्यावरचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. मोठे आघात अनेकींवर आले होते. पण जिला मनातले बोलायला हक्काचे, जिव्हाळ्याचे माणूस होते, ती नैराश्यात जाण्याची शक्यता बरीच कमी होती. जिव्हाळ्याच्या माणसाचे महत्त्व यातून ठामपणे दिसते. मी ते पूर्णपणे मान्य करतो.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? जिव्हाळ्याचे माणूस आजार टाळायला मदत करते, एवढाच. झालेला आजार तेच माणूस बरा करते, हा निष्कर्ष यातून निघत नाही. सकस आहाराने क्षय होण्याची शक्यता कमी होते. म्हणून क्षय झालेल्याला नुसत्या दूध-अंड्यांवर ठेवत नाहीत. प्रतिबंध आणि उपचार यांची गल्लत हा या मताचा पहिला दोष. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. काही मनोविकारांत घरच्यांची माया नुसती अपुरी पडत नाही, ती आजाराला खतपाणी घालते.

हे विधान अनेकांना खटकेल. म्हणून जरा जवळून पाहू.

रात्रीचे साडेदहा. बाई अंथरुणावरून उठतात आणि नवऱ्याला विचारतात, गॅस बंद केला ना? नवरा म्हणतो, केला, झोप आता. दोन मिनिटे बरे वाटते. मग पुन्हा तोच प्रश्न. या वेळी नवरा उठतो, त्यांना ओट्यापाशी नेतो, सिलिंडरवरचा नॉब हाताने फिरवून दाखवतो. पंधरा मिनिटांनी तिसऱ्यांदा. काही आठवड्यांनी नवऱ्याला युक्ती सुचते: झोपण्याआधी मोबाइलवर नॉबचा फोटो काढून ठेवायचा. चार दिवस छान जातात. पाचव्या रात्री बाई विचारतात, हा फोटो आजचाच आहे ना? तारीख दाखवली जाते. मग शंका येते, फोटो काढल्यावर कोणी पुन्हा हात लावला असेल तर?

या नवऱ्याच्या प्रेमात काही कमी आहे का? तो दररोज झोप मोडून उठतो. पण तो जितक्या वेळा खात्री देतो, तितक्या वेळा बायकोच्या मनावर ठसते की प्रश्न विचारण्याजोगाच होता, धोका खरा होता आणि आपण वाचलो ते विचारल्यामुळे. खात्रीने मिळणारी सुटका दर वेळी थोडी आखूड होत जाते आणि पुढची शंका लवकर येते. याला मंत्रचळ म्हणतात. यात प्रेमळ माणूस जे करतो ते सगळे आजाराच्या बाजूचे ठरते.

यावरचा उपचार काय आहे? १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्णांवर एक पद्धत वापरली. ज्याची भीती वाटते त्याला रुग्णाने सामोरे जायचे आणि त्यानंतरची धुण्याची, तपासण्याची कृती रोखून धरायची. आज मंत्रचळावर जगभर हीच पद्धत वापरली जाते. आपल्या उदाहरणातल्या बाईंसोबत उपचारक प्रथम भीतींची उतरंड लिहून काढेल: सर्वांत सोपी खाली, सर्वांत अवघड वर. मग गॅस एकदाच बंद करायचा, मागे न पाहता स्वयंपाकघरातून बाहेर यायचे, खुर्चीवर बसायचे आणि घालमेल किती आहे ते दर पाच मिनिटांनी शंभरपैकी आकड्यात सांगायचे. नव्वद, नव्वद, सत्तर, पन्नास. कोणी खात्री न देताही घालमेल आपोआप उतरते, हे शरीराने शिकायचे. नवऱ्यालाही बोलावले जाते आणि एकच वाक्य शिकवले जाते: या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, हे आपले ठरले आहे. त्याच्यासाठी हे सर्वांत कठीण असते.

आता वाचकांनीच सांगावे, यात गप्पा कुठे आहेत? धीर कुठे आहे? समजुतीच्या चार गोष्टी कुठे आहेत? उलट इथे धीर देणे थांबवले जाते. आजीला हे सुचले नसते. तिच्या मायेने तिला ते सुचूच दिले नसते.

मुलांच्या चिंताविकारांत हे आणखी स्पष्ट दिसते. शाळेच्या नावाने पोटात दुखणाऱ्या मुलाला आई घरी ठेवते, अंधाराला भिणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीजवळ बाप रोज झोपतो. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी याच मायेला हात घातला. त्यांच्या उपचारात मूल येतच नाही, फक्त आईवडील येतात. मुलाच्या भीतीपुढे आपण कुठे कुठे नमतो याची ते यादी करतात आणि एकेक सवलत काढून घेतात. रागाने नाही, 'तुला जमेल' असे सांगत. ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांवर या पद्धतीची तुलना मुलांना थेट दिल्या जाणाऱ्या प्रमाणित उपचाराशी केली गेली. आईवडिलांचा उपचार त्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही. मुलाला हातही न लावता मूल सुधारते, कारण घरातली माया शहाणी होते. 'घरचे माणूस असताना समुपदेशक कशाला' या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर काय असेल? घरच्या माणसालाच शिकवायला.

एकत्र कुटुंबाकडे वळू. या मताचा सगळा डोलारा एका स्मृतीवर उभा आहे: पूर्वी माणसे घरातच बरी होत. पण होत होती का? रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. ही दोन्ही ऐन एकत्र कुटुंबाच्या काळात उभी राहिली आणि भरली. कोणी म्हणेल, तो तीव्र आजारांचा प्रश्न झाला. ठीक. मग सौम्य आजारांचे पाहू. ज्या बाईचे जेवण-झोप उडाली, जिला फिट्स आल्यासारखे होत असे, जी एकटीच बोलत बसे, तिला त्या काळी कुठे नेत? देवऋषीकडे, भगताकडे, मांत्रिकाकडे, दर्ग्यावर, नरसोबाच्या वाडीला. म्हणजे घराबाहेर, परक्या माणसाकडे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या विधीसाठी आणि बहुतेक वेळा दक्षिणा मोजून. दहा माणसांच्या घरातली माया पुरत असती, तर देवऋषीचा धंदा चालला कसा? आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न कधीच घरावर सोपवला नव्हता. मनाच्या दुखण्याला घराबाहेरचा, जाणता माणूस लागतो, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट कळले होते. देवऋषीचा विधी फोल होता हा भाग वेगळा.

त्याच घरातल्या सुनेचाही विचार करा. तिचे दुखणे सासूमुळे असेल, तर तिने ते कोणाकडे मोकळे करायचे? सासूकडे? की सासूच्या मुलाकडे? दहा माणसांच्या घरात कान वीस असतात, पण त्यांतला एकही तटस्थ नसतो. सांगितलेले संध्याकाळपर्यंत माजघरात पोहोचते. समुपदेशकाची गुप्तता हे काही व्यवसायाचे लाड नव्हेत. ती उपचाराची पूर्वअट आहे.

आता गीतेचा दाखला. हा हटकून दिला जातो आणि आदराने त्याचा विचार केला पाहिजे. कृष्ण हा अर्जुनाचा मामेभाऊ आणि मेहुणा, म्हणजे घरचाच माणूस. त्याने विषादातून बाहेर काढले, मग तिऱ्हाइताची गरज कशाला? युक्तिवाद चतुर आहे. पण दुसरा अध्याय उघडून क्रम पाहावा. तिसऱ्या श्लोकापर्यंत कृष्ण जे बोलतो ते मामेभावाचे बोलणे आहे: हे तुला शोभत नाही, मनाचा दुबळेपणा टाक, ऊठ. घराघरांत उदास माणसाला आजही हेच ऐकवले जाते. त्याचा परिणाम काय झाला? शून्य. अर्जुन उठला नाही. सातव्या श्लोकात अर्जुनच नाते बदलतो: मी तुझा शिष्य, मला शिकव. खरे काम त्यानंतर सुरू होते आणि ते अठराव्या अध्यायापर्यंत चालते, प्रश्नोत्तरांनी, एकाच मुद्द्याकडे पुन्हा पुन्हा वळत. शेवटी 'तुला हवे तसे कर' असे सांगून निर्णय अर्जुनावर सोपवला जातो. हा दाखला कोणाच्या बाजूने जातो, वाचकच ठरवोत. माझ्या मते तो घरगुती उपदेशाच्या अपयशाचा आपल्याकडचा सर्वांत जुना पुरावा आहे.

'हे पाश्चात्त्य आहे' या आक्षेपावर मी फार वेळ घालवणार नाही. पेनिसिलिनही पाश्चात्त्य आहे. कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी पत्रांतून बरोबरीने वाद घातला. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आणि ठाण्यात १९९० पासून 'आयपीएच' ही मानसिक आरोग्य संस्था मराठीतच हे काम करत आहेत. चार पिढ्या आपल्याच माणसांनी जे वापरले, तपासले, बदलले, त्याला परके म्हणण्याची मुदत कधीच संपली.

राहिला पुराव्याचा मुद्दा. इथे प्रतिपक्षाला एक मोठा साक्षीदार मिळतो. १९५२ मध्ये हान्स आयझेंक या नामांकित मानसशास्त्रज्ञाने लिहिले की मनोविकारांचे दोनतृतीयांश रुग्ण उपचार घेवोत वा न घेवोत, दोन वर्षांत सुधारतात. तेव्हा मानसोपचाराचा उपयोग सिद्ध झालेला नाही. हा घाव वर्मी बसला आणि तो बसायलाच हवा होता. तोवर उपचारक आपापल्या यशकथा सांगत; तुलनेसाठी दुसरा गट ठेवायची तसदी फारसे कोणी घेत नव्हते. आयझेंकनंतर ती घ्यावीच लागली. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी सुमारे ३७५ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला: उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्यांपैकी ७५ टक्क्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. पुढे पिम कायपर्स यांनी दाखवून दिले की अपयशी अभ्यास छापले जात नाहीत, त्यामुळे असे आकडे फुगतात. तेही खरे आहे. पण फुगवटा काढून टाकल्यावरही परिणाम शिल्लक राहतो. आयझेंकचा प्रश्न योग्य होता. सत्तर वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आज उत्तर म्हणून मिरवणे योग्य नव्हे.

सरासरीतून फार कळत नाही, म्हणून दोन नेमकी उदाहरणे देतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मध्यम ते तीव्र नैराश्याचे रुग्ण होते. काहींना औषध दिले, काहींना विचारांवर काम करणारी, ॲरन बेक यांची पद्धत. बरे झाल्यावर दोन्ही उपचार थांबवले आणि वर्षभर पाहिले. औषध थांबवलेल्यांपैकी ७६ टक्के पुन्हा आजारी पडले. बेक यांच्या पद्धतीने बरे झालेल्यांपैकी ३१ टक्के. म्हणजे उपचारात जे शिकले ते उपचार संपल्यावरही कामी येत होते. गप्पांचा परिणाम असा टिकतो का?

दुसरे उदाहरण गोव्याचे. मराठी वाचकांना हे अमेरिकेपेक्षा कमी माहीत असते, याची मला खंत वाटते. विक्रम पटेल आणि 'संगथ' या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या जवळपास पाचशे रुग्णांची चाचणी केली. आजार सौम्य नव्हता, बऱ्यापैकी तीव्र होता. दोन्ही गटांना केंद्रातली सेवा मिळत होती. एका गटाला शिवाय सहा ते आठ भेटी होत्या, पण त्या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर नव्हत्या. समुपदेशक होते तिथलेच सर्वसाधारण तरुण-तरुणी, आरोग्यक्षेत्रातली पदवी नसलेले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी फक्त केंद्रातली सेवा मिळालेल्या गटातले ३९ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के. वर्षभरानेही लाभ टिकून होता.

इथे चतुर प्रतिपक्षी लगेच म्हणेल: पाहा, पदवी नसलेल्या साध्या माणसांनी बरे केले, म्हणजे शेजारचे काकाही करू शकतात! हाच त्याचा उत्तम मुद्दा आहे आणि तो इथेच कोसळतो. त्या तरुणांनी काय केले ते बघा. त्यांच्या हातात लिखित कार्यपद्धती होती. आधी प्रशिक्षण, मग देखरेखीखाली उमेदवारी. प्रत्यक्ष भेटींचे ध्वनिमुद्रण होई आणि सहकारी ते एकत्र बसून ऐकत, गुण देत: प्रश्न नेमका विचारला का, उपदेश तर केला नाही ना, गृहपाठ तपासला का. रुग्णाशी बोलणे चाले ते कशाबद्दल? बालपणाबद्दल नाही. काल दिवसभर काय केले, त्यातल्या कोणत्या गोष्टीनंतर मन किंचित हलके झाले, उद्या त्यातली एक गोष्ट किती वाजता करायची. मासे आणायला स्वतः बाजारात जायचे ठरले, तर गेलात का? नसाल गेलात, तर आड काय आले? उदास माणूस कामे सोडतो, कामे सोडल्याने आणखी उदास होतो. हे चक्र कृतीच्या टोकाने तोडायचे, ही त्यामागची उपपत्ती. शेजारच्या काकांचे बोलणे कोणी ध्वनिमुद्रित करून तपासले आहे का?

गोव्याच्या या चाचणीने दोघांना गप्प केले आहे. 'माया पुरे' म्हणणाऱ्यांना आणि 'आमच्या पदवीशिवाय कोणी शिवू नये' म्हणणाऱ्या व्यावसायिकांनाही. बरे करते ती पद्धत. ती शिकावी लागते, शिकवता येते, तपासता येते. पण ती अजून फार थोड्यांपर्यंत पोहोचली आहे. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात, वेगवेगळ्या मनोविकारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. 'हल्ली जो उठतो तो समुपदेशकाकडे' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

मुलांविषयी. 'वयाबरोबर जाते' हे काही बाबतींत खरे आहे आणि चांगला उपचारक ते स्वतःहून सांगतो. पण सगळे जात नाही, आणि जाईपर्यंत मुलाचे वर्ग, मैत्र्या, स्वतःबद्दलचे मत हातचे जाते. मुलांवरचा उपचार म्हणजे मुलाला खुर्चीत बसवून 'बाळ, मोकळेपणाने बोल' असे म्हणणे, ही कल्पनाच चुकीची आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि दिवसागणिक जरासा जवळ आणायचा. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. १९३८ मध्ये मॉवरर पतिपत्नींनी अंथरूण ओले करणाऱ्या मुलांसाठी ओलावा लागताच घंटा वाजवणारी गादी मांडली. त्याच तत्त्वावरची यंत्रे आजही वापरात आहेत आणि मार, लाजवणे, रात्रीचे पाणी तोडणे यांपेक्षा कितीतरी उपयोगी आहेत. हट्टी, आक्रस्ताळ्या मुलांच्या बाबतीत ओरेगनच्या जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून नोंदी केल्या: मूल किंचाळते, आई माघार घेते, किंचाळणे थांबते. आईला माघारीचे बक्षीस मिळते, मुलाला किंचाळण्याचे. उपचार होतो तो या देवघेवीवर. छोट्या मुलांशी उपचारक बाहुल्या, चित्रे, वाळू घेऊन खेळतो, कारण पाच वर्षांच्या मुलाला 'मला असुरक्षित वाटते' हे वाक्य जुळवता येत नाही. बाहुलीला कपाटात कोंडून मात्र ते सांगता येते.

आणि पुरावा? अमेरिकेत चिंताविकार असलेल्या ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी नुसत्या खोट्या गोळीने २४ टक्के मुले सुधारली. वयाबरोबर, धीराने, वाट पाहून जे होते ते जवळपास एवढेच. औषधाने ५५, वर्तनोपचाराने ६०, दोन्ही मिळून ८१. 'आपोआप जाते' हे मत मला २४ टक्क्यांपुरते मान्य आहे.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मी जवळजवळ जसेच्या तसे उचलतो. या क्षेत्रात भोंदूगिरी आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पण 'समुपदेशक' अशी पाटी लावायला वर्षानुवर्षे काहीच लागले नाही. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला प्रथमच कक्षेत घेतले. दोन दिवसांच्या शिबिरात प्रमाणपत्र मिळवून लोकांच्या संसारांत हात घालणारे आहेत. समलैंगिकता 'बरी' करून देतो म्हणणारेही होते आणि आहेत. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा तथाकथित उपचारांवर बंदीचे आदेश दिले. मुद्दा असा की चुकीचा उपचार निरुपद्रवी नसतो. अपघातानंतर लगेच एका बैठकीत रुग्णाला सगळे आठवायला आणि बोलायला लावण्याची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिची चाचणी झाली. वर्षभरानंतर ती बैठक मिळालेल्यांपैकी २६ टक्के आघातोत्तर ताणाने आजारी होते. न मिळालेल्यांपैकी ९ टक्के. व्यवसायाने आपल्याच लाडक्या पद्धतीची चाचणी घेतली, ती हरली, आणि आज आपत्तीनंतर ती वापरू नये असाच सल्ला दिला जातो.

जरा थांबून विचार करा. जी पद्धत हरली ती नेमकी कोणती होती? 'बोलून टाक, मोकळे वाटेल.' म्हणजे घरच्या मायेचा सगळ्यात आवडता सल्ला. बोलणे आपोआप बरे करत नाही. केव्हा, काय, कशासाठी बोलावे आणि केव्हा मुळीच बोलायला लावू नये, हे ठरवणे हाच या शास्त्राचा विषय आहे. आणि भोंदूंचा बंदोबस्त हवा तो कायद्याने आणि जाणत्या ग्राहकाने. शास्त्र नाकारून भोंदू जात नाहीत, उलट त्यांना मैदान मोकळे मिळते.

माझी बाजू मांडून झाली. प्रतिपक्षाने एक करावे. घरच्या मायेने मंत्रचळ, तीव्र नैराश्य किंवा मुलांचा चिंताविकार बरा होतो असे दाखवणारी, तुलनेचा गट ठेवून केलेली एक तरी चाचणी पुढे आणावी. तोवर निकाल माझ्या बाजूने द्यावा, अशी वाचकांना विनंती आहे. आणि ज्या वाचकाच्या घरात हा प्रश्न आजच उभा आहे, त्याने समुपदेशकाकडे पहिल्याच भेटीत विचारावे: या आजारावर तुम्ही कोणती पद्धत वापरणार, साधारण किती भेटी लागतील, उपयोग होतो आहे की नाही हे आपण दोघे कशावरून ओळखायचे, आणि न झाल्यास पुढे काय. उत्तरे गुळमुळीत आली, तर फी देऊन उठावे आणि दुसऱ्याकडे जावे. कोणाकडे जावे हेच कळत नसेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.